पहाटेची सही आणि मंत्रिमंडळ

(गेवराई येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)

राष्ट्रपतींचे अधिकार हा दिल्लीचा विषय म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात गेवराईच्या शेतकऱ्याला तशी सोय नव्हती. अवकाळी पावसाने मराठवाड्यातील खरीप हातचे गेले होते आणि १२ नोव्हेंबरपासून राज्यात राष्ट्रपती राजवट होती. खरिपासाठी हेक्टरी ८,००० रुपयांची मदत जाहीर केली ती राज्यपालांनी. ती अपुरी आहे म्हणून जाब विचारावा, तर राज्यात मंत्रिमंडळ नाही आणि नव्या विधानसभेची बैठकही झालेली नाही!

ही राजवट २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठविण्यात आली. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झालीच नव्हती. कामकाज नियमावलीतील बाराव्या नियमाचा आधार घेऊन पंतप्रधानांनी शिफारस केली, राष्ट्रपतींनी सही केली आणि सकाळी राजभवनावर शपथविधी उरकला.

हाच बारावा नियम २५ जून १९७५ च्या रात्री वापरला गेला होता. आणीबाणीच्या घोषणेवर फखरुद्दीन अली अहमद यांची सही आधी झाली. मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली. त्या अनुभवानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३५२ मध्ये अट घातली की, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्याखेरीज राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारू नये. कलम ३५६ ला मात्र ही अट लावली गेली नाही.

राष्ट्रपती हे स्वतंत्र सत्ताधीश नाहीत. ते तसे व्हावेत, अशी इच्छा लोकशाही समाजवाद्याने तरी धरू नये. परंतु सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याचा अधिकार त्यांना त्याच घटनादुरुस्तीने दिला आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशातील राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत पाठविली आणि गुजराल सरकारने ती सोडून दिली. पण जे मंत्रिमंडळ बसलेच नाही, त्याने फेरविचार करायचा तो कशाचा?

२६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी विधानसभेत बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिला. मुख्यमंत्र्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. सरकार कोणाचे, हे न्यायालयाने ठरविले नाही, प्रश्न सभागृहाकडे धाडला. हे योग्यच झाले. मात्र पहाटेच्या सहीचा प्रश्न त्या आदेशाने निकालात निघाला नाही. म्हणून राष्ट्रपती राजवट लादताना आणि उठवितानाही मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय बंधनकारक करावा, ही मागणी पक्षाने संसदेत आणि तालुक्या-तालुक्यांत लावून धरली पाहिजे.