पत्ता जसा असेल तसा



आपल्या पनवेलमधलेच दोन पत्ते घ्या. खारघरचा पत्ता सेक्टर, प्लॉट, इमारत, सदनिका असा उतरत जातो. जुन्या पनवेलचा पत्ता आळी आणि घरक्रमांक सांगितला की संपतो. १८५२ सालची नगरपालिका, सिडकोचे नोड आणि भोवतालची गावं १ ऑक्टोबर २०१६ रोजी एका महापालिकेत आली. हे सगळे पत्ते एका प्रोग्राममध्ये घालायचे ठरवलं, तर कुठला किती खोल जाईल आणि वाटेत कोणती नावं लागतील, ते आधी सांगता येणार नाही.

अशा पत्त्यांसाठी पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा घेऊ. लॅरी वॉल यांनी १९८७ साली आणलेल्या या भाषेला १९९४च्या पाचव्या आवृत्तीत रेफरन्स, म्हणजे दुसऱ्या माहितीकडे बोट दाखवणारी मूल्यं, मिळाले. तेव्हापासून हॅशच्या (नावानिशी ठेवलेल्या नोंदींच्या) पोटात हॅश, त्याच्या पोटात ॲरे (क्रमवार यादी), अशी हवी तितकी खोल रचना करता येते.

नवशिका माणूस 'सेक्टर', 'प्लॉट' ही नावं गृहीत धरून लूपमध्ये लूप घालतो. खारघरचं काम होतं. आळीतल्या घराशी मात्र हॅशच्या जागी साधा मजकूर हाती येतो. 'स्ट्रिक्ट' ही कडक तपासणी लावलेली असेल, तर पर्ल चूक दाखवून थांबते. नसेल, तर ते घर निमूट गळतं आणि प्रोग्राम पुढे जातो. हे जास्त घातक.

त्याऐवजी एकच सबरूटीन, म्हणजे पुन्हा पुन्हा बोलावता येणारा प्रोग्रामचा तुकडा, लिहा. हाती आलेली वस्तू कोण आहे, हे 'रेफ'ने तिलाच विचारा. हॅश असेल, तर 'कीज'ने त्याच्याकडूनच नावं मागा आणि प्रत्येक नावाखाली जे असेल त्यावर तेच सबरूटीन पुन्हा चालवा. ॲरे असेल, तर त्यातला एकेक घटक घ्या. 'रेफ'चं उत्तर रिकामं आलं, तर तो साधा मजकूर. तिथं थांबा आणि नोंद करा. उतरताना आलेली वाट मात्र बरोबर न्या, नाहीतर तळाशी नुसता '१२' सापडेल आणि तो कुठल्या आळीतला ते कळणार नाही.

तीन पथ्यं पाळा. हॅशमधल्या नावांचा क्रम ठरलेला नसतो, म्हणून 'सॉर्ट' लावा. नसलेल्या सेक्टरमध्ये अमुक प्लॉट आहे का, असं 'एक्झिस्ट्स'ने थेट विचारलंत, तर पर्ल तो सेक्टर रिकामा तयार करून ठेवते. म्हणून एकेक पायरी तपासत उतरा. आणि एखादा रेफरन्स फिरून वरच येत असेल, तर पाहिलेल्यांची यादी ठेवा, म्हणजे प्रोग्राम गोल फिरत राहणार नाही.

ज्या घराची नोंद गळते, त्या घरी पाणीपट्टीचं बिल जात नाही आणि पूररेषेची नोटीसही पोचत नाही. म्हणून इथल्या विद्यार्थ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: माहितीवर आपला साचा लादू नका, तिचा आकार तिलाच विचारा.