शाळाघराचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)

 

विहारालगतच्या अभ्यासिकेसाठी आपण वर्गणी गोळा करीत आहोत. घरोघरी फिरताना एक प्रश्न हमखास विचारला जातो. शिक्षण देणे हे सरकारचे काम आहे, मग गरिबाने खिशात हात का घालावा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून आम्ही आज अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेड्यांमधल्या शाळाघरांचा इतिहास आपणांपुढे ठेवणार आहोत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आपल्याला परका नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तेथील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, आणि त्याच वर्षी अलाबामा राज्यातील लोचापोका या खेड्यात आमच्या कथेतील पहिले शाळाघर उभे राहिले.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण माणुसकी आली नाही. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले. त्यातले ‘वेगळे’ तेवढे पाळले गेले, ‘समान’ कागदावरच राहिले. कर सर्वांकडून घेतला जाई, पण शाळेवरचा खर्च गोऱ्या मुलांकडे झुके. काळी मुले चर्चमध्ये किंवा गळक्या खोपटात बसत, आणि कापूस वेचणीचे दिवस आले की शाळा ओस पडे.

गुलाम म्हणून जन्मलेले बुकर टी. वॉशिंग्टन हे अलाबामातील टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेचे प्रमुख होते. शिकागोचे ज्यूलियस रोझेनवाल्ड हे टपालाने माल विकणाऱ्या सिअर्स कंपनीचे धनी. १९१२ साली आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी त्यांनी टस्कीगीला २५ हजार डॉलर दिले. त्यातील शिल्लक रकमेतून वॉशिंग्टन यांनी सहा खेड्यांत शाळाघरे बांधण्याची परवानगी मागितली, आणि तेथून या कार्याचा आरंभ झाला. वॉशिंग्टन १९१५ साली निवर्तले, तरी काम थांबले नाही. १९१७ साली रोझेनवाल्ड यांनी त्यासाठी स्वतंत्र निधी स्थापन केला.

या देणगीची अट नीट समजून घ्यावी. सगळे पैसे देणगीदार देणार नाही. गावातील कृष्णवर्णीयांनी आपला वाटा आधी उभा करायचा, रोख नसेल तर जमीन, लाकूड किंवा श्रम द्यायचे. स्थानिक सरकारनेही आपला वाटा घालायचा. आणि बांधलेली इमारत जमिनीसह सरकारी शाळाखात्याच्या नावे करून द्यायची, म्हणजे शिक्षकाचा पगार व देखभाल ही खात्याची जबाबदारी ठरेल.

लोकांनी हे कसे केले? काहींनी शेताचा एक तुकडा शाळेच्या नावाने राखून त्यातला कापूस विकला. बायाबापड्यांनी कोंबड्या विकल्या, जेवणावळी घालून पैसे जमवले. अलाबामातील बोलिजी येथे गुलामगिरीचे दिवस पाहिलेल्या एका म्हाताऱ्याने जुन्या मळकट पिशवीतून आयुष्यभराची कमाई टेबलावर ओतली. ती भरली अवघी ३८ डॉलर. आपल्या नातवंडांच्या लेकरांना संधी मिळावी एवढीच त्याची इच्छा होती.

शाळाघराचा नकाशाही विचारपूर्वक केलेला होता. पहिले नकाशे टस्कीगीचे कृष्णवर्णीय वास्तुविशारद रॉबर्ट टेलर यांच्या देखरेखीखाली झाले. खेड्यात वीज नव्हती, म्हणून पूर्व-पश्चिमेला ओळीने मोठ्या खिडक्या ठेवून दिवसभर उजेड येईल अशी सोय केली. दोन वर्गांमधील भिंत सरकती ठेवली, म्हणजे ती बाजूला सारली की गावाच्या सभेला जागा होई. शाळाघर हेच समाजमंदिर झाले.

आता हिशेब पाहू. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे, खतावणी पाहिल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. १९३२ पर्यंत १५ राज्यांत ४,९७७ शाळा झाल्या. शिक्षकांची घरे व कार्यशाळा धरून एकूण इमारती ५,३५७. खर्च आला २ कोटी ८४ लाख ८ हजार ५२० डॉलर. त्यात रोझेनवाल्ड निधीचे ४३ लाख ६४ हजार ८६९, गोऱ्या नागरिकांचे १२ लाख ११ हजार ९७५, सरकारी तिजोरीतून १ कोटी ८१ लाख ५ हजार ८०५, आणि कृष्णवर्णीय गोरगरिबांचे ४७ लाख २५ हजार ८७१ डॉलर. म्हणजे कोट्यधीशापेक्षा शेतमजुरांनी अधिक दिले! शाळांना नाव मात्र कोट्यधीशाचे पडले.

यात अन्याय नव्हता काय? उघड होता. आधी कर भरला, मग वर्गणी दिली. एकाच शाळेसाठी दोनदा पैसे मोजले. परंतु याच खतावणीत आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. जे सरकार काळ्या मुलांसाठी हात आखडता घेत होते, त्याच्या तिजोरीतून एकूण खर्चाचे जवळपास चौसष्ट टक्के निघाले. लोकांची वर्गणी सरकारला मोकळे सोडण्यासाठी नव्हती, ती सरकारला बांधून घेण्यासाठी होती.

फळ काय मिळाले? शिकागोच्या मध्यवर्ती बँकेतील दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, दक्षिणेतील काळ्या व गोऱ्या मुलांच्या शिक्षणातले अंतर कमी होण्यात या शाळांचा मोठा वाटा होता. नागरी हक्कांचे लढवय्ये नेते जॉन लुईस हे बटाईदार शेतकऱ्याचे पुत्र अशाच शाळाघरात शिकले.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. हा मोठा विजय होता. पण पुढे मुले एकत्र आली तेव्हा बहुतेक ठिकाणी काळ्यांचीच शाळाघरे बंद पडली आणि अनेक काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. कित्येक इमारती मोडकळीस आल्या. २००२ साली तेथील वारसा जतन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने त्यांची नोंद धोक्यातील वास्तूंत केली. त्यानंतर अनेक गावांनी आपले शाळाघर दुरुस्त करून सांभाळले. इमारतीचा कागद सरकारच्या नावे असला, तरी राखण गावालाच करावी लागते, हा यातील दुसरा धडा.

मित्रहो, आपल्याकडेही २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव मागवले गेले होते. वाडीवरची शाळा दूर गेली की पहिली गळती मुलींची आणि मजुरांच्या लेकरांची होते. म्हणून आमची विनंती दुहेरी आहे. अभ्यासिकेसाठी यथाशक्ती दान द्यावे, आणि दान दिले म्हणून हक्क सोडू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या जागांवर आपल्या माता-भगिनींनी बसावे, सभेचे इतिवृत्त वाचून मगच सही करावी, आणि ग्रामसभेत शाळेचा विषय निघेल तेव्हा हजर राहावे.

वर्गणीची पावती आणि हक्काचा अर्ज, दोन्ही आपल्या घरी जपून ठेवण्याचे कागद आहेत. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!