पॉइंटांचा जलप्रवास : एक जमाखर्च
(विक्रोळी येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून महाराष्ट्रात उन्हाळा आला की व्यासपीठे उभी राहतात आणि इतिहास, वाङ्मय, अध्यात्म, राष्ट्रकारण या विषयांवर विद्वानांची वाणी रसिकांच्या कानी पडते. अर्थशास्त्राचा विषय निघालाच तर तो राष्ट्राच्या अर्थशास्त्राचा निघतो. चार माणसांच्या कुटुंबाचा जमाखर्च हा व्यासपीठावर आणण्याजोगा विषय आहे असे आपणांस सहसा वाटत नाही. परंतु कन्नमवारनगर, टागोरनगर, पार्कसाइट आणि गोदरेजची वसाहत यांतून राहणाऱ्या ज्या कुटुंबांच्या हाती नोकरीच्या अखेरीस फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदाच येते, त्यांच्या दृष्टीने त्या रकमेचा विनियोग हा प्रश्न कोणत्याही पंचवार्षिक योजनेइतकाच गंभीर असतो. म्हणून आज मी एक अगदी लहानसा, पण पुष्कळांना पडलेला प्रश्न घेऊन आलो आहे : टाइमशेअरचे सभासदत्व पदरी असताना त्याचे पॉइंट देऊन क्रूझची सफर करणे किफायतशीर आहे काय?

समुद्रप्रवास ही आपल्या लोकांना नवलाईची गोष्ट नव्हे. या सभागृहात बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी कित्येकांनी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटीने रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण ही बंदरे गाठली असतील. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे त्यांच्या स्मरणात असतील. वळकटी, ट्रंक आणि फणसाचे गरे घेऊन डेकवर पथारी टाकावी, बोट लागली तर लिंबू हुंगावे, आणि बंदर आले की हेलकावणाऱ्या पडावात जीव मुठीत धरून उतरावे, असा तो प्रवास असे. 17 जुलै 1947 रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट शेकडो उतारूंसह बुडाली, ती आठवण तर कोकणातल्या घरोघरी आजही निघते. तो प्रवास गरजेचा होता आणि त्याचे भाडे रोकडीने चुकते होई. पुढे रस्ते सुधारले, 1998 साली कोकण रेल्वे सर्व मार्गाने धावू लागली, आणि समुद्राची वाट केवळ हौसेची उरली. 2018 साली ‘आंग्रिया’ नावाचे जहाज मुंबई ते गोवा अशा सफरी करू लागले, ते फार काळ टिकले नाही. 2021 च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीने ‘एम्प्रेस’ हे जहाज आणले. 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेले हे जहाज मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीप अशा सफरी करू लागले, आणि जेवणखाण, नाटक-गाणी, पोहण्याचा तलाव हे सारे एका तिकिटात मिळते, ही वार्ता विक्रोळीपर्यंत पोचण्यास फार दिवस लागले नाहीत.

आता टाइमशेअरकडे वळू. युरोपात 1960 नंतरच्या दशकात, सुट्टीचे घर संपूर्ण विकत घेणे ज्यांना परवडत नाही त्यांस त्याचा वर्षातील एखादा आठवडा विकावा, या विचारातून हा व्यवहार जन्मास आला. ज्याने कोडाईकॅनालचा आठवडा घेतला त्याला दरवर्षी कोडाईकॅनालच पाहण्याचा कंटाळा येणार, हे ओळखून 1974 साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे आरसीआय ही अदलाबदलीची संस्था निघाली. आपला आठवडा तिच्याकडे जमा करावा आणि दुसऱ्याचा घ्यावा. आपल्या देशात चेन्नईची स्टर्लिंग कंपनी 1986 साली आणि महिंद्र समूहाची ‘क्लब महिंद्र’ 1996 साली या व्यवसायात उतरली. पाश्चात्य देशांत कोठे कोठे खरेदीदारास मिळकतीचा अंश मिळतो. आपल्याकडे बहुधा मिळतो तो ठरावीक मुदतीपुरता, साधारणतः पंचवीस वर्षांचा, वापरण्याचा हक्क; आणि त्या हक्काच्या रात्री ज्या मापाने मोजल्या जातात तेच पॉइंट. हे खरेदीखत नव्हे, हा एक करारनामा आहे, आणि त्याचा कागद आपल्यापैकी अनेकांच्या घरी याच विक्रोळीत घडलेल्या पोलादी कपाटाच्या चोरकप्प्यात, घराच्या दस्तऐवजांशेजारी, दस्तऐवजाच्याच इतमामाने जपून ठेवलेला असतो.

तो कागद घरी कसा आला, हेही पाहण्याजोगे आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरील एखाद्या मॉलमध्ये सोडतीची चिठ्ठी भरावी. आठवड्याने फोन यावा की आपणांस बक्षीस लागले आहे, मात्र ते नेण्यास पतिपत्नी दोघांनी जोडीने आले पाहिजे. मग वातानुकूलित दालनात चहा-बिस्किटे, पडद्यावर बर्फाचे डोंगर, आणि दोन तासांच्या आर्जवानंतर ‘आजच सही केली तरच’ अशी मखलाशी. जांभळा, तांबडा, पांढरा, निळा असे मागणीनुसार ठरलेले हंगामांचे रंग समजावून सांगितले जातात. दरसाल द्यावयाच्या देखभाल-शुल्काचा उल्लेख होतो, नाही असे नाही. परंतु तो अशा वेळी होतो की जेव्हा ऐकणाऱ्याचे लक्ष मुलांच्या सुट्टीकडे लागलेले असते. आणि अलीकडे या दालनात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘साहेब, डोंगर नको असेल त्या वर्षी पॉइंटांवर क्रूझ घ्या.’

या वाक्याची उलटतपासणी करण्यापूर्वी दोन प्रश्न निरनिराळे केले पाहिजेत, कारण विकणारा ते हेतुतः एकत्र करतो. क्रूझची सफर करण्याजोगी आहे काय, हा एक प्रश्न. तिचे मोल पॉइंटांनी चुकते करावे काय, हा दुसरा. जहाजावर जेवण फुकट, रिसॉर्टमध्ये मात्र थाळीला पैसे, हा युक्तिवाद खरा असला तरी तो पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. रोख पैसे मोजून तिकीट काढणाऱ्यासही तेच जेवण तितकेच फुकट मिळते.

पॉइंटांचे रूपांतर तिकिटात होते कसे, हे समजून घ्या. ज्या कंपनीने आपणांस सभासद करून घेतले तिच्या मालकीचे जहाज नसते. जहाजवाल्याला आपल्या पॉइंटांचा काडीचा उपयोग नाही. त्याला रुपये पाहिजेत. ते रुपये अदलाबदल करून देणाऱ्या मधल्या संस्थेने आणावयाचे कोठून? आपण सोडून दिलेल्या रात्री दुसऱ्या कोणास भाड्याने देऊन, किंवा तिकीट विकणाऱ्यास जहाज कंपनी जी दलाली देते तिच्यातून. खाणावळीचे महिन्याचे पैसे आगाऊ भरलेल्या माणसाने ती कूपने दाखवून समोरच्या हॉटेलात जेवावयाचे म्हटले, तर खाणावळवाला हॉटेलचे बिल भरील खरा, पण कूपनाची किंमत स्वतःच ठरवील आणि आपले हात ओले झाल्यावाचून राहणार नाही. पॉइंटांच्या बदल्यात तिकीटही बहुधा पुरते मिळत नाही. भाड्यात काही सवलत मिळते, आणि बंदराचे शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी, किनाऱ्यावरील सहली हे सर्व माणशी आणि रोख द्यावे लागते.

आता केवळ उदाहरणादाखल आकडे धरू. समजा, एका गृहस्थांनी चार लाख रुपये देऊन पंचवीस वर्षांचे, दरसाल सात रात्रींचे सभासदत्व घेतले आणि वार्षिक शुल्क वीस हजार आहे. मुद्दल नुसते पंचवीस वर्षांवर वाटले तर वर्षास सोळा हजार पडतात. शुल्क मिळवून छत्तीस हजार, म्हणजे एका रात्रीस सुमारे 5,150 रुपये. तेच चार लाख सात टक्के व्याजाने ठेवले असते असे धरून हिशेब केला, तर वर्षाचा बोजा 54,300 च्या आसपास जातो आणि एक रात्र पावणेआठ हजारांच्या घरात पडते. आता जहाजाचा कागद वाचा. दोघांची तीन रात्रींची केबिन : छापील भाडे पन्नास हजार, सातही रात्रींचे पॉइंट वळते केल्याबद्दल सवलत वीस हजार, बाकी तीस हजार, अधिक शुल्के व कर, रोख. वीस हजारांस सातांनी भागा : एका रात्रीचे मोल 2,857 रुपये झाले. ज्या रात्रीची पडत पाच हजारांच्या वर, ती आपण तीन हजारांच्या आत फुंकून टाकली. वर्षाचे शुल्क तेवढे फिटले. चार लाखांचे मुद्दल कोरडेच राहिले.

पण येवढ्यावर थांबू नका. तीच केबिन, त्याच तारखेची, खुल्या बाजारात एखादा प्रवासी एजंट आपल्या दलालीतून काही सोडून पंचेचाळीस हजारांस देत असेल, तर आपली खरी सवलत पंधराच हजारांची झाली आणि रात्रीचे मोल 2,150 च्याही खाली आले. छापील भावाशी तुलना करावयास लावणे हे या धंद्यातले मुख्य कसब आहे. सुटलेल्या जहाजातली रिकामी केबिन म्हणजे कायमचे नुकसान, म्हणून सुटण्याच्या सुमारास जहाज कंपनी भाव खाली आणते. छापील भाव ही केवळ घासाघीस सुरू करण्याची जागा असते.

याहून मूलगामी असा एक भेद आहे. रिसॉर्टची खोली ही खोली म्हणून दिली जाते. एका शयनगृहाच्या सदनिकेत नवरा-बायको आणि दोन मुले राहिली तरी रात्री तेवढ्याच वजा होतात. जहाजाचे भाडे माणशी असते. तिसऱ्या-चौथ्या उतारूस थोडे कमी पडले तरी शुल्के आणि कर प्रत्येक डोक्यामागे येतात. म्हणजे टाइमशेअरचा जो एकमेव निःसंशय लाभ, कुटुंब मोठे असले तरी खोली तीच, तोच नेमका धक्क्यावर पाऊल ठेवताच नाहीसा होतो. शिवाय पावसाळ्यात ‘एम्प्रेस’ जहाज मुंबई सोडून चेन्नईकडे मुक्काम हलविते. तेव्हा मुंबईहून सफरी निघतात ते महिने म्हणजे साधारणतः ऑक्टोबर ते मे, आणि दिवाळी, नाताळ व उन्हाळ्याची सुट्टी, जेव्हा महाबळेश्वरास खोली मिळण्याची मारामार असते, ती याच महिन्यांत येते. ज्या काळात पॉइंटांची किंमत सर्वांत अधिक, त्याच काळात ते स्वस्तात काढून टाकण्याचा हा मोह आहे.

परदेशचे एक उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. अमेरिकेत डिस्ने कंपनीचा व्हेकेशन क्लब 1991 पासून चालू आहे. त्याचा व्यवहार पॉइंटांवर चालतो, आणि जहाजेही त्याच समूहाची आहेत. तेव्हा मधल्या दलालाचा प्रश्न तेथे उद्भवू नये. तरीसुद्धा तेथील जाणते सभासद एकमेकांस हाच सल्ला देतात की, पॉइंट जहाजावर खर्चू नका. ते दुसऱ्यास भाड्याने द्या आणि आलेल्या डॉलरांनी तिकीट काढा. आपल्याकडील करारनाम्यांत सभासदत्वाचा व्यापारी उपयोग करण्यास बहुधा मज्जाव असतो, त्यामुळे ती वाट आपणांस मोकळी नाही. पण पॉइंट आणि पैसा यांत तेथेही केवढे अंतर मानले जाते ते यावरून दिसते.

येथे एखादे अभ्यासू श्रोते आक्षेप घेतील की, चार लाख तर कधीच गेले. गेलेल्या मुद्दलाचे दुःख आजच्या निर्णयात का मिसळता? हा आक्षेप शास्त्रशुद्ध आहे आणि मला तो मान्य आहे. जो आधीच सभासद झाला आहे त्याने पाच हजारांवरची ती पडत विसरावी आणि एकच गोष्ट विचारावी : या रात्रींचे मी यंदा दुसरे काय करणार होतो? मे महिन्यात आठ हजारांची खोली सात रात्री मिळणार असेल, तर छप्पन्न हजारांची वस्तू पंधरा हजारांस देणे हा अव्यवहार होय. परंतु मुले परदेशी गेली आहेत, गुडघ्यांना घाटाचा प्रवास सोसत नाही, साठवलेल्या रात्रींची मुदत मार्चअखेर संपते आहे, अशा गृहस्थांच्या दृष्टीने त्या रात्रींचे मोल शून्य आहे. त्यांना मिळणारे पंधरा हजार हे निव्वळ लाभाचे. त्यांनी खुशाल जहाजावर चढावे, मात्र तत्पूर्वी आपल्या रात्री भाचा-पुतणीला देता येतात का, आणि त्यासाठी वेगळे शुल्क पडते का, हे करारनाम्यात पाहून घ्यावे.

तेव्हा माझा निर्णय असा. क्रूझ मिळते म्हणून टाइमशेअर घेणे हा तोट्याचा सौदा आहे. ज्याला समुद्राची हौस आहे त्याने भिशी लावावी, पैसे जमवावे आणि तिकीट काढावे. ज्याच्या पदरी सभासदत्व आहे त्याने पॉइंट डोंगरावर आणि किनाऱ्यावर, पूर्ण कुटुंबानिशी आणि गर्दीच्या हंगामात वापरावे. जहाजावर खर्चावयाचे ते केवळ वाया जाणारे पॉइंट, आणि तेही निदान दोन ठिकाणी रोखीचा भाव विचारल्यानंतर, सर्व शुल्कांसह अंतिम रक्कम लेखी घेऊन. तोंडी दिलेल्या आश्वासनाची जागा कागदावर नसेल तर ते आश्वासन नाहीच असे समजावे. आणि इतके करूनही फसगत झाली, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार गुदरण्याची मुभा दिली आहे. विक्रोळीच्या माणसाला कंपनीच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही.

ज्यांच्या घरी असा करारनामा आहे त्यांनी तो उद्या सकाळी बाहेर काढून वार्षिक शुल्काची आणि मुदतीची कलमे तेवढी वाचावीत, इतकी विनंती करतो.