नवं-जुनं झालं, जामीनदाराचं काय?

(मूल येथील बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कर्जमुक्तीवर आपण पुष्कळ बोललो. आज बोलायचं आहे ते ज्यानं कर्ज घेतलंच नाही, पण ज्याच्या दारात वसुली अधिकारी येऊन उभा राहतो त्या जामीनदाराबद्दल. कापूस गेला, ज्वारी काळी पडली की कर्जदार आणि जामीनदार एकाच साली बुडतात. दोघांचं शिवार एकच असतं ना!

"आधी त्याचं वावर विका, मग माझ्याकडे या," असं आपण म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच.

बँक बदलली म्हणूनही सुटका नाही. आपल्या भागात वैनगंगा नावाची ग्रामीण बँक होती. २०१३ साली ती विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत गेली आणि १ मे २०२५ पासून झाली महाराष्ट्र ग्रामीण बँक. पाटी बदलत गेली, जामीन तोच राहिला. थकलेलं कर्ज बँकेनं एखाद्या कंपनीला विकलं तरी तसंच. मात्र बँकेपुढं जी हरकत चालली असती ती विकत घेणाऱ्यापुढंही चालते.

खरी गोम आहे ती कर्ज बदलण्यात. पैसेवारी पन्नासच्या आत आली की पीककर्जाचं पुनर्गठन होतं. वर्षाचं कर्ज हप्त्यांचं होतं, थकलेलं व्याज मुद्दलात मिसळतं. गटसचिव कर्जदाराची सही घेतो. जामीनदाराला विचारतो कोण? कलम १३३ म्हणतं, जामीनदाराच्या संमतीवाचून शर्ती बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारापुरता तो मोकळा. कलम १३५ म्हणतं, बँकेनं कर्जदाराशी करार करून मुदत वाढवली किंवा तडजोड केली आणि जामीनदाराची संमती घेतली नाही, तर जामीनदार मोकळा. पण बँक नुसती गप्प बसली, दावा लावला नाही, तर तेवढ्यानं सुटत नाही. ते कलम १३७.

लगेच टाळ्या वाजवू नका. छापील जामीनरोख्यात बारीक अक्षरात एक ओळ असते : मुदतवाढ, रूपांतर, पुनर्गठन यांस माझी आगाऊ संमती आहे. अशी ओळ न्यायालयं सहसा मानतात. म्हणजे कायद्यानं दिलेला हक्क आपणच सही करताना परत देऊन बसलेलो असतो. म्हणून पहिलं काम, रोख्याची नक्कल लेखी मागा आणि ती ओळ शोधा.

तारण बँकेच्या हातून गेलं तर कलम १४१ उपयोगी पडतं. आपल्या जंगलमुलखाला कळेल असा खटला मध्य प्रदेशचा आहे. ठेकेदारानं लिलावात लाकूड घेतलं, हप्ते ठरले. हप्ता भरल्याशिवाय माल सोडायचा नव्हता. वनखात्यानं सोडला. पुढं वसुली आली जामीनदारावर. सर्वोच्च न्यायालयानं, १९६७ च्या निकालपुस्तकात तो निकाल आहे, जामीनदाराला सोडवलं. सरकारनं निष्काळजीपणा करावा आणि पैसे जामीनदारानं भरावेत, हे न्यायालयालाही पटलं नाही!

सोसायटीचं कर्ज असेल तर ही हरकत वेळेवर घ्या. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याचा अर्ज निबंधकाकडे जातो, त्यात जामीनदारालाही नोटीस येते. आपण ती नोटीस देव्हाऱ्यामागं खोचतो आणि तारखेला जात नाही. दाखला निघाल्यावर फेरतपासणी मागायची तर वसुलीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ती कुठून आणणार? म्हणून तारखेलाच लेखी म्हणणं द्या : पुनर्गठन कधी झालं, माझी सही कुठं आहे, दाखवा.

आणि ज्यांनी दरसाल नवं-जुनं होणाऱ्या कर्जाला चालू जामीन दिला आहे त्यांनी कलम १३० लक्षात ठेवावं. पुढच्या उचलीसाठी जामीन मागं घेता येतो. आधीची उचल मात्र डोक्यावर राहते. रोख्यात काही अट आहे का ते पाहून, मार्चच्या आत, दोन प्रतींत अर्ज द्या आणि एका प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.