शेजारधर्म आणि आजारी माणूस

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘पाल्याच्या शिक्षणात पालकांची भूमिका’ हा विषय दिला होता. या विषयावर दरवर्षी कोणीतरी बोलते आणि आपणही तो दरवर्षी शांतपणे ऐकून घेता. यंदा अध्यक्षांची परवानगी घेऊन मी वेगळ्याच विषयावर बोलणार आहे. विषय आहे, आपल्या गल्लीतला आजारी माणूस. याचा शिक्षणाशी काय संबंध, असे आपणास वाटेल. मलाही तसेच वाटत होते. तो संबंध मला माझ्याच हजेरीपटाने दाखवून दिला, आणि तोही माझी चूक माझ्या पदरात घालून.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या माझ्या वर्गात एक मुलगी होती. अभ्यासात बरी, गणितात तर वर्गात पहिल्या पाचांत. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती गैरहजर राहू लागली. आठवड्यातून दोन दिवस यायची, तेही उशिरा. मी हजेरीपटावर लाल शाईने खुणा करीत गेलो. एके दिवशी ती दुसऱ्या तासाला आली तेव्हा मी सर्वांसमक्ष म्हणालो, “घरीच बसायचे असेल तर एकदाचे नाव काढून घे.” ती खाली मान घालून उभी राहिली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. हा मुलगा एरवी धड्याचे नावही सांगू शकत नसे. तो म्हणाला, “सर, तिची अम्मी बार्शीला दवाखान्यात आहे. घरी पाणी भरायला कोणी नाही.”

सभ्य गृहस्थहो, ते घर माझ्या घरापासून तिसरे. त्या भाभींनी माझ्या शर्टाच्या कॉलरी किती वेळा उलटवून दिल्या असतील याची मोजदाद नाही. भाभी आजारी आहेत हे मला ठाऊक होते. आजाराचे नावही ठाऊक होते. परंतु त्या नावाचीच अशी धास्ती होती की, त्या दारावरून जाताना मी सायकलचा वेग वाढवीत असे. आत जाऊन काय बोलावे हे मला सुचत नव्हते, आणि जे सुचत नाही ते टाळण्यात आम्ही शिकलेली माणसे फार हुशार असतो.

भाभींना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला होता. हा शब्द मी या व्यासपीठावरून मुद्दाम उच्चारतो आहे. आपल्या घरांत तो कुजबुजत बोलला जातो, आणि त्या कुजबुजीपायी आपल्या माता-भगिनी दवाखान्यात उशिरा पोहोचतात. या रोगाविषयी आपल्या जिल्ह्याचे नाव जगातील डॉक्टरांना माहीत आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या धाराशिवमधील, ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. स्त्रियांचे गट पाडून वेगवेगळ्या तपासण्या करण्यात आल्या. ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी फक्त एकदा देऊ केली गेली, त्या गटात पुढील आठ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू, तपासणी न मिळालेल्या गटाच्या मानाने, जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने हे छापले. या जिल्ह्यातील शेतमजूर बायांनी जगाला हे शिकवले. आणि आपण? शेजारणीला “चल, मीही येते, दोघी मिळून तपासून येऊ” एवढे म्हणायला आपणास संकोच वाटतो. आजारापूर्वीची ही सोबत मी मोठ्या मदतीत धरतो.

असो. भाभींचे निदान झाले, आणि पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरून गेले. इयादत म्हणजे आजाऱ्याची विचारपूस. आपल्या दीनमध्ये ती एका माणसाचा दुसऱ्यावरील हक्क मानली आहे. आजाऱ्यापाशी थोडा वेळ बसावे, त्याला धीर द्यावा, दुवा करावी आणि उठावे, असे आपले बुजुर्ग सांगत आले. आपण मात्र तिचा समारंभ करून टाकला आहे. दहा-बारा बायका येत, दोन-दोन तास बसत, रडत, आणि आजारी बाईच उठून चहाचे आधण ठेवी. कोणी विचारी, “कितवी स्टेज?” कोणी पपईच्या पानांचा रस सुचवी. कोणी सांगे, विजेचे शेक घेऊ नका, अमक्याला जाळून टाकले. एकीने तर त्यांचा कप वेगळा ठेवायला सांगितले. कर्करोग हा काही उष्ट्या कपातून लागणारा रोग नव्हे. एका ताटात जेवल्याने किंवा अंथरुणाजवळ बसल्याने तो होत नाही. खरोखर ज्या रोगाची लागण होऊ शकते अशा महारोगाने पीडित परचुरे शास्त्री १९३९ च्या सुमारास सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमातच कुटी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. ती परचुरे कुटी सेवाग्रामात आजही आहे. तेव्हा या रोगावर खात्रीचे औषधही नव्हते. आणि आपण एक कप बाजूला काढतो!

दुसऱ्या आठवड्यात माणसे कमी झाली. चौथ्या आठवड्यात कोणी नव्हते. आणि खरी गरज लागली ती नेमकी तेव्हा.

विजेच्या शेकाचे वेळापत्रक असे असते की आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे. लोहाऱ्याहून धाराशिवला गाडी बदलून रोज बार्शी गाठणे निरोग्यालाही जमणार नाही, म्हणून भाभी आपल्या बहिणीला घेऊन तिथेच राहिल्या. त्यांचे यजमान पुण्याला गवंडीकामावर. ते काम सोडून आले असते तर घर चालले नसते. मागे राहिली ही नववीची मुलगी आणि चौथीतला भाऊ. नळाला पाणी आले की ते भरायचे, स्वयंपाक, भावाचा डबा, आणि उरलेल्या वेळात शाळा. भाभींची बहीण मला नंतर म्हणाली (दखनीत म्हणाली, मी मराठीत सांगतो), “सर, तिला दुखण्याची काळजी नव्हती. रोज फोनवर एकच विचारायची, पोरगी शाळेत गेली का?” आणि मी इकडे लाल खुणा करीत होतो.

मग जे झाले त्याचे श्रेय मला नको. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने आणि त्याच्या दोन मित्रांनी पाणी आपल्याकडे घेतले. नळ आला की आधी भाभींचे दोन ड्रम, मग आपले घर. कोणी सांगितले नव्हते. भिंतीपलीकडच्या काकू, मराठ्यांच्या, त्यांनी दुपारच्या डब्याचा विषय एका वाक्यात संपवला. “चार जणांचं करते तिथं सहा जणांचं. त्यात काय?” झेरॉक्सच्या दुकानातल्या एका तरुणाचे तर मला विशेष कौतुक वाटते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार व्हायचे, तर कागद जुळायला हवेत. रेशनकार्डावर भाभींच्या नावापुढे ‘बी’ आणि आधारकार्डावर ‘बेगम’! आपल्या समाजात ही अडचण घरोघरी आहे. या तरुणाने दोन वेळा दुकान बंद ठेवून तहसील कार्यालयात खेटे घातले आणि ते दुरुस्त करून आणले. पालकांनो, घरी गेल्यावर आपल्या घरातील स्त्रियांची कागदपत्रे एकमेकांशी ताडून पाहा. दुखणे आल्यावर ते करायला सवड नसते.

माझ्या वाट्याला आले ते एकच काम. संध्याकाळी अर्धा तास त्या दोन भावंडांचा बुडालेला अभ्यास घेणे. वर्गात जे बोललो होतो त्याबद्दल मी त्या मुलीची वर्गातच माफी मागितली. शिक्षकाने माफी मागू नये, शिस्त बिघडते, असे माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. त्यांचा मान राखून मी म्हणेन, शिस्त काही बिघडली नाही.

भाभी परत आल्या तेव्हा फार अशक्त झाल्या होत्या. पोट बिघडलेले, तोंडाला चव नाही, कांद्याच्या फोडणीचा वास आला तरी उमळून येई. एका घरातून मोठ्या प्रेमाने बिर्याणी आली. प्रेमाला नाव ठेवू नये, पण ती बिर्याणी मुलांनी खाल्ली. काकूंनी मात्र दारात उभे राहून आधी विचारले, “काय जाईल पोटात?” आणि मग मऊ भात अन् पातळ ताक पाठवले. शिवाय आपल्या घरातली फोडणी त्या मागच्या अंगणातल्या चुलीवर देऊ लागल्या. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. मला ती त्यांच्या सुनेच्या तक्रारीतून कळली.

आणखी एक खाला. निरक्षर, सत्तरी ओलांडलेल्या. त्या रोज अस्रच्या नमाजनंतर सूप घेऊन येत आणि भाभींच्या खाटेजवळ बसून तांदूळ निवडीत. बोलत फारसे नसत. भाभींना झोप लागली तर तशाच उठून जात. एक दिवस त्यांनी आपली फाटकी ओढणी आणली आणि म्हणाल्या, “याला तुझ्याच हातची शिलाई पाहिजे. घाई नाही.” त्या ओढणीला दहा दिवस लागले. पण त्या दिवसापासून भाभी मशीनवरचे कापड काढून थोडा वेळ तरी बसू लागल्या. महिनोन्‌महिने ज्या बाईला सगळे देतच होते, तिच्याकडे कोणीतरी काही मागितले होते.

आपल्या भागाला संकटात धावून जाणे शिकवावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप मी पाहिलेला नाही, परंतु आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. सास्तूर काही दूर नाही. त्या दिवशी ढिगाऱ्याखालच्या माणसाची जात किंवा दीन कोणी विचारला नाही, जो तो मिळेल ते हत्यार घेऊन माती उपसत होता, हे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकत मोठे झालो. पण भूकंप एका क्षणात होतो. दुखणे वर्षभर चालते. त्याला धावणारी माणसे पुरत नाहीत, त्याला पाळी लावून येणारी माणसे लागतात. योगायोग असा की, त्याच १९९३ साली केरळात कोझिकोडे येथे काही डॉक्टरांनी बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी एक संस्था काढली. पुढे तिचे काम मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गल्लोगल्ली पसरले. तिथे शेजारीच थोडे प्रशिक्षण घेतात आणि आठवड्यातून दोन तास देतात. विद्यार्थीही त्यात असतात. जखम धुणे, कूस बदलून देणे, घरात धान्य आहे की नाही हे पाहणे, अशी कामे. मलप्पुरमात आपला समाज मोठ्या संख्येने आहे, म्हणून ते आपल्याला परके वाटू नये. आठवड्यातले दोन तास. आपण टपरीवर याहून जास्त बसतो.

भाभी बार्शीहून परतल्यावर अकरा महिने आपल्या घरात राहिल्या. रोग उलटला होता. शेवटी शेवटी त्या उठू शकत नव्हत्या. पण काकूंचा डबा कधी रिकामा परत गेला नाही. शेजारचे भांडे रिकामे पाठवू नये, ही आपल्याकडची रीतच आहे. कधी अंगणातले लिंबू, कधी चिमूटभर साखर, तर कधी मुलीने वहीच्या कागदात बांधलेल्या कढीपत्त्याच्या दोन काड्या. काकू म्हणायच्या, “कशाला गं?” आणि ठेवून घ्यायच्या. भाभी गेल्या तेव्हा मुलीच्या दहावीच्या परीक्षेला पाच आठवडे उरले होते. तिने परीक्षा दिली. गणितात ब्याऐंशी गुण मिळाले. आज ती विज्ञान शाखेत शिकते आहे. ती या सभागृहात नाही, नाहीतर मी हे सांगितले नसते.

पाणी भरणारी ती तीन मुले आता मोठी झाली. त्यांच्या जागी नवी आली आहेत. आमच्या गल्लीत सध्या एक लिंगायत आजोबा अर्धांगवायूने खाटेवर आहेत. त्यांना जेवण, औषध, सगळे घरातून मिळते. अडचण एकच आहे, त्यांना रोज पेपर वाचून दाखवणारा माणूस हवा, आणि तोही अग्रलेखासकट. सहा जणांनी वार वाटून घेतले आहेत. रविवार अजून कोणाकडे नाही. इथे कोणी इच्छुक असेल तर त्याने सभा संपल्यावर मला भेटावे. आज शुक्रवार, म्हणजे माझी पाळी, आणि आजोबा पाच वाजल्यापासून दाराकडे पाहत असतील. तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीने मी इथेच थांबतो.