अमानत आणि दफ्तर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बक्षीस समारंभात मुलांच्या निकालाविषयी बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज एका सरकारी कचेरीविषयी बोलणार आहे. धर्मादाय आयुक्तांचे नाव काढले की आपल्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. तिथले पाकीट आले की चिटणीस ते हिशेबनिसाकडे सरकवतात आणि हिशेबनीस वकिलाकडे. मीही अनेक वर्षे हेच केले. त्याची किंमत काय पडली, ते पुढे सांगतो.

ही कचेरी १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने अस्तित्वात आली. २०१२ साली कायद्याच्या नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आले. मंदिर असो, दवाखाना असो वा आपल्यासारखी शिक्षणसंस्था असो, सार्वजनिक न्यास म्हटला की त्याची नोंद तिथे व्हावी लागते. आपल्या संस्थेच्या नोंदणी क्रमांकाआधी 'एफ' हे अक्षर आहे. सोसायटी म्हणून नोंदलेल्या न्यासांची ती खूण.

सरकार आपल्या संस्था गिळंकृत करील, अशी भीती सुरुवातीला पुष्कळांना वाटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ साली रतिलाल गांधी खटल्यात न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग कायम ठेवला. पण धार्मिक न्यासावर खुद्द आयुक्तांनाच विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली. देखरेख करण्याचा अधिकार सरकारला आहे, धर्मसंस्था ताब्यात घेण्याचा नाही, असा त्याचा साधा अर्थ.

आपल्यात आणखी एक प्रश्न नेहमी निघतो: वक्फ कोणता आणि न्यास कोणता? मुसलमानाने केलेला प्रत्येक धर्मादाय न्यास वक्फ ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. म्हणून प्रत्येक संस्थेने आपला मूळ दस्तऐवज काढून वाचावा. ऐकीव माहितीवर राहू नये.

आता माझी हकीकत. एका तालुक्याच्या गावी मी एका संस्थेचा चिटणीस होतो. गावातल्या एका निपुत्रिक विधवा बाईंनी आपले घर आणि लगतची जागा मुलींच्या वसतिगृहासाठी दिली. आम्ही सारे त्यांना खालाजान म्हणत असू. बक्षीसपत्र रीतसर नोंदवले, सभेत टाळ्या झाल्या आणि कागद पेटीत गेला. खालाजान हयात असेपर्यंत त्याच घरात राहिल्या. त्यांना बाहेर काढण्याचा विचारही कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. पण न्यासाच्या मालमत्तेच्या यादीत, ज्याला आपण परिशिष्ट एक म्हणतो, ती जागा चढवायची राहिली. सिटी सर्व्हेच्या पत्रिकेवरही त्यांचेच नाव राहिले. "पुढच्या वर्षी करू," असे मीच म्हणालो होतो.

त्या वारल्या आणि पुतण्यांनी हक्क सांगितला. हिब्याला ताबा लागतो, आणि ताबा कधी दिलाच नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांना खोटे तरी कसे म्हणावे? सरकारी कागद त्यांच्याच बाजूने बोलत होता. आम्ही दावा लावायला गेलो, तर वकिलांनी विचारले, "विश्वस्त कोण?" दफ्तरी सात नावे होती. त्यांतले चौघे कबरस्तानात गेलेले. कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. आम्ही वर्षानुवर्षे एकही दिला नव्हता. आधी ते निस्तरण्यात काळ गेला, मग दावा चालला. अकरा वर्षांनी तडजोड झाली. घर मिळाले, लगतची जागा गेली. ज्या मुलींसाठी खालाजाननी ते दिले होते, त्यांपैकी कितीतरी सातवीनंतर शाळा सोडून घरी बसल्या. त्यांची वर्षे कोणत्याही तडजोडीने परत येणार नाहीत.

त्या प्रकरणात एक पैसाही कोणी खाल्ला नव्हता. आपण अफरातफरीला घाबरतो, आणि ते योग्यच आहे. पण प्रामाणिक माणसाच्या आळसानेही अमानत बुडते.

म्हणून तीन गोष्टी मागतो. पहिली, विश्वस्त किंवा मालमत्तेत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत अहवाल द्यावा. दुसरी, ३१ मार्चला हिशेब बंद करून तपासणी अहवाल सहा महिन्यांत दाखल करावा. तिसरी, आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय जमीन-इमारत विकू नये, बदलून देऊ नये, बक्षीस देऊ नये. इमारत वा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देऊ नये. ही परवानगी जाचक वाटते खरी. कचेरीत खेपा घालाव्या लागतात, तारखा पडतात, हे मी नाकारत नाही. पण देणारा आज हयात नसतो. त्याच्या वतीने "का विकता?" असे विचारणारे कोणीतरी असायला नको का?

सभासदांनाही माझी विनंती आहे. वार्षिक सभेत चहापाण्याआधी परिशिष्ट एकचा उतारा वाचून दाखवा, असा आग्रह धरा. त्याला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे मी खालाजानसाठी काढली नाहीत. आपण काढावीत, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.