समुद्राचे बियाणे



आपण शेतीवर जगणारी माणसे. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेला नाही. गेल्या मे महिन्यात पाहुण्यांना घेऊन आम्ही हर्णै बंदरावर गेलो होतो. तिथे पाहिले ते आज तुम्हांला सांगतो.

हर्णै हे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात आहे. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला उभा आहे. किनाऱ्याजवळ पाणी उथळ. म्हणून मोठ्या बोटी दूरच नांगर टाकतात. लहान होड्या त्यांतली मासळी काठाकडे आणतात. पुढे बैलगाड्या! बैल पाण्यात उभे राहतात आणि मासळीने भरलेली गाडी ओढून वाळूवर आणतात. शेतातले बैल समुद्रात पाहून आम्हांला मोठी गंमत वाटली.

संध्याकाळी वाळूवरच लिलाव सुरू झाला. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी यांचे ढीग लागले. एकाने भाव पुकारला, दुसऱ्याने वाढवला. बघता बघता ढीग विकला गेला. मोठा माल बर्फात घालून शहरांकडे जातो. काही माल बाया विकत घेतात आणि तिथेच वाटे मांडून बसतात. उन्हाळ्यात मुंबई-पुण्याची माणसे गर्दी करतात. गिऱ्हाईक वाढले की भावही चढतो.

आमचा पुतण्या एका वाट्यापाशी थांबला. तळहाताहूनही लहान पापलेटे होती. भाव स्वस्त. तो घेणार, इतक्यात शेजारची म्हातारी मासळीवाली आम्हांला म्हणाली, "गुरुजी, ती नका घेऊ. ती पोरं आहेत. वाढली असती तर अंडी घातली असती."

आम्ही विचारले, "मावशी, मग पकडता कशाला?"

ती म्हणाली, "जाळ्याची भोकं बारीक केली की सगळंच येतं. डिझेलचा, बर्फाचा पैसा आधी द्यावा लागतो. बोट रिकामी आली तर खलाशांना काय देणार?"

मंडळी, आम्ही चाळीस वर्षे मुलांना शिकवले. त्या दिवशी मावशीने आम्हांला शिकवले.

आपण घरात दाणा नसला तरी बियाण्याची कणगी फोडत नाही. समुद्राचे बियाणे म्हणजे ही लहान मासळी. ते राखण्यासाठी कायदाही आहे. महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारीचा कायदा केला. पावसाळ्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. २०२५ साली ही बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस होती. या दिवसांत पुष्कळ मासळी अंडी घालते. समुद्रही खवळलेला असतो, त्यामुळे माणसांचा जीवही वाचतो. पापलेट तर २०२३ साली महाराष्ट्राचा राज्य मासा ठरला.

पण बंदी पाळणे सोपे नाही, बरं का. बोटी ओढून वर घेतात, जाळी विणत बसतात. खलाशी गावी जातो. दोन महिने हातात पैसा येत नाही. अशा वेळी एखादा चोरून बोट काढतो. त्याचे घर त्या दिवशी भरते, आणि बंदी पाळणारा उपाशी बसतो. हा अन्याय आहे. म्हणून सरकारने कायदा सर्वांना सारखा लावला पाहिजे, आणि कोळ्यांनीही एकजुटीने तो पाळला पाहिजे.

आपले काय काम? बाजारात मासळी घेताना कल्ले लाल आहेत का, डोळे चकचकीत आहेत का, हे आपण पाहतो. आता आणखी एक पाहा. मासा पुरता वाढलेला आहे का? पापलेटाचे पिल्लू स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. गिऱ्हाईकच नसेल तर ते कोण आणील?

आमच्या पुतण्याने तो वाटा घेतला नाही. मावशीकडचे बांगडे घेतले. चार पैसे जास्त पडले, पण त्या रात्री आम्ही समाधानाने जेवलो.